टेकाडावरचा चौक

श्रोतेहो, नमस्कार.

आज तुम्हाला पॅरिसला नेणार आहे, पण आयफेल टॉवरकडे नाही. शहराच्या उत्तरेला एक टेकडी आहे, तिचं नाव मोंमार्त्र. उंची १३० मीटर. पॅरिसमधली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा हीच. या टेकडीच्या डोक्यावर एक लहानसा चौक आहे, प्लास द्यू तेर्त्र. तेर्त्र म्हणजे उंचवटा, आपल्याकडे टेकाड म्हणतो तेच. म्हणजे हा टेकाडावरचा चौक.

चौक म्हटल्यावर सिग्नल, पुतळा, रिक्षास्टँड असं काही डोळ्यांपुढे आणू नका. दगडी फरसबंदी, चार बाजूंना दोन-तीन मजली जुनी घरं, खिडक्यांना लाकडी झडपा, मधे झाडं. झाडांखाली हॉटेलांची टेबलं, आणि त्या टेबलांच्या भोवती, चौकाच्या कडेकडेनं, चित्रकार. तिपाईवर बसलेले, समोर ईझल, मांडीवर फळी. गावात जशी देवळासमोर मोकळी जागा असते आणि सगळं गाव तिथंच येऊन टेकतं, तशी ती जागा आहे. चौकाला लागून देऊळही आहे, सेंट पीटरचं जुनं चर्च, ११४७ साली प्रतिष्ठापना झालेलं.

आणि हे खरोखर गावच होतं. १८६० साली पॅरिसची हद्दवाढ झाली, तेव्हा ते शहरात आलं. तोवर मोंमार्त्रची नगरपालिका वेगळी, आणि पहिली कचेरी याच चौकात, तीन नंबरच्या घरात. हद्दवाढ म्हणजे काय ते आपल्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. गाव हद्दीबाहेर होतं म्हणून तिथं पॅरिसची जकात लागत नव्हती. जकात नाही म्हणून वाइन स्वस्त, वाइन स्वस्त म्हणून संध्याकाळी सगळं पॅरिस टेकडी चढून इकडे. गाणी, नाच, गप्पा. पुढे हद्दवाढ झाली तरी घरभाडी कमीच राहिली, आणि कमी भाडं जिथं असतं तिथं चित्रकार येतात. पिकासो १९०४ साली इथंच आला, चौकापासून थोड्याच अंतरावर, खालच्या अंगाला. लाकडी फळ्यांच्या ज्या मोडक्या इमारतीत तो राहायचा तिथं सगळ्या बिऱ्हाडांना मिळून नळ एकच, आपल्या चाळीतल्यासारखा. ती इमारत १९७० साली आगीत गेली.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, मी ती पुन्हा सांगणार आहे. या चौकात सकाळी जायचं. सकाळी, दहाच्या आत. आणि टेकडी चढायची ती मागच्या बाजूनं. पुढून सगळे जातात. पुढे त्या पांढऱ्याशुभ्र साक्रे-कर चर्चच्या २२२ पायऱ्या आहेत, म्हणजे पर्वतीच्या दुपटीहून जास्त. शेजारी १९०० सालापासून चालणारी, रुळांवरून चढावर ओढली जाणारी गाडी आहे, आणि प्रचंड गर्दी. मागून चढायचं तर मेट्रोच्या बारा नंबरच्या मार्गावर लामार्क-कोलँकूर स्टेशनला उतरायचं. तिथून सोल रस्त्यानं वर. सकाळी आणि मागून.

आम्ही तसेच गेलो होतो, मी आणि माझी आत्या. चार वर्षं झाली. सप्टेंबरचा शेवट होता. आत्या तेव्हा सत्तर वर्षांची. साधी सुती साडी, वर स्वेटर, पायात नातवाचे जुने बूट, खांद्याला कापडी पिशवी. तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात तिनं ३१ वर्षं चित्रकला शिकवली. किती पोरांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवलं त्याला गणती नाही. ज्यांनी त्या परीक्षा दिल्या असतील त्यांना आठवेल, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि पाण्याचा मग सांडला की सगळं गेलं.

चढताना डाव्या हाताला एक द्राक्षमळा लागतो. भर पॅरिस शहरात द्राक्षमळा! १९३३ साली लावलेला. ही जागा बिल्डरच्या घशात जाऊ नये म्हणून तिथल्या लोकांनी लढा दिला आणि शहरानं तिथं वेली लावल्या. दीड हजार चौरस मीटर, म्हणजे आपले पंधरा गुंठे. आत्या कुंपणाला धरून उभी राहिली. तासगावची ती, द्राक्षांत वाढलेली. म्हणाली, "उत्तरेकडे उतार आहे की गं. ऊन कसं मिळणार घडांना?" बरोबर होतं तिचं, तो मळा उत्तरेलाच तोंड करून आहे. तरी दरवर्षी त्याची वाइन होते आणि ऑक्टोबरात उत्सव होतो. आपल्याकडे गावातल्या अशा मोकळ्या जागांना आरक्षण पडतं, आणि पंधरा वर्षांनी बघावं तर तिथं इमारत उभी. असो.

टेकडीबद्दल आणखी एकच सांगते, मग चौकात जाऊ. ही टेकडी आतून पोकळ आहे, कारण तिच्या पोटातून शतकानुशतकं जिप्सम काढलं. जिप्सम भाजलं की त्यातलं बहुतेक पाणी उडून जातं, भुकटी होते. त्या भुकटीत पाणी घातलं की ती पुन्हा घट्ट होऊन बसते. तेच आपलं प्लास्टर ऑफ पॅरिस. आपण पीओपी पीओपी म्हणतो, त्यातलं पॅरिस ते हे. ज्या गणपतींवरून आपल्याकडे दर भाद्रपदात वाद होतो त्यांच्या मातीचं नाव इथलं. मी स्वतः शाडूच्याच बाजूची आहे आणि तसंच राहणार. मूर्ती लहान असू दे, पण बादलीत विरघळली पाहिजे. आणि योगायोग बघा, पॅरिसच्या ज्या अठराव्या विभागात ही टेकडी येते, त्याच विभागात तमिळ मंडळींचं गणपतीचं देऊळ आहे. चतुर्थीच्या सुमारास रथ निघतो आणि भर रस्त्यात नारळ फुटतात.

तर आम्ही चौकात पोचलो. नऊ वाजून गेले होते. हॉटेलवाले खुर्च्या मांडत होते, फरशी धुतलेली होती, ओली. मोजके चित्रकार आले होते. गर्दी नाही, म्हणून म्हणते सकाळी जा. इथं कुणीही येऊन बसू शकत नाही. पॅरिस महानगरपालिकेचा परवाना लागतो. आणि जागा किती, तर एक चौरस मीटर, तीही दोघांत मिळून! आत्याला हे सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "म्हणजे मंडईतल्या गाळ्यासारखं." एक उठला की दुसऱ्यानं बसायचं.

तिथं एक साठीचा चित्रकार बसला होता, पांढरी दाढी, बोटं कोळशानं काळी. त्यानं आत्याकडे बघितलं, आत्यानं त्याच्या फळीकडे बघितलं. मला म्हणाली, "विचार किती घेतो." विचारलं. आकडा ऐकून तिनं मनात रुपये केले असणार, चेहऱ्यावर दिसलं. पण बसली. आयुष्यभर दुसऱ्यांना चित्रासाठी बसवलं, स्वतः कुणापुढे बसली नव्हती.

बसली ती शाळेतल्या ग्रुप फोटोला बसतात तशी. पाठ ताठ, हात मांडीवर, हनुवटी वर. त्यानं चारकोलची कांडी कागदावर आडवी फिरवली, मग उभी. त्या खरखरीचा आवाज अजून माझ्या कानात आहे. पंधरा-वीस मिनिटं झाली. आत्याला राहवेना. उठली, वळून त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली, आणि खुर्चीवरून पोराच्या वहीत वाकावं तशी वाकली. मग मला म्हणाली, "याला सांग, कान खाली गेलाय."

मी म्हटलं, "आत्या, असं कसं सांगू?"

"सांग. कानाचं वरचं टोक भुवईच्या रेषेत, पाळी नाकाच्या शेंड्याच्या रेषेत. हा कान खाली गेलाय."

मी माझ्या कामचलाऊ फ्रेंचमध्ये सांगितलं. तुम्हाला वाटेल तो चिडला असेल. अजिबात नाही. त्यानं कांडी खाली ठेवली, खुणेनं आत्याला समोर बोलावलं. स्वतःची मान सरळ केली, बोट आडवं धरलं आणि भुवईपासून कानाकडे नेलं. बोट कानाच्या वरच्या टोकाला टेकलं. आत्यानं मान हलवली, बघ, हेच म्हणते मी. मग त्यानं हनुवटी वर उचलली, आत्या बसली होती तशी, आणि तेच बोट पुन्हा भुवईपासून आडवं मागं नेलं. या वेळी ते कानाला लागलंच नाही. कानाच्या वर, केसांत गेलं. हनुवटी वर गेली की कान खाली येतो. तिसऱ्यांदा त्यानं मान खाली घातली, आणि बोट सरळ पाळीकडे आलं.

भाषेची गरजच पडली नाही. आत्या गप्प झाली. तिनं तिथंच उभ्या उभ्या स्वतःचं बोट भुवईला लावलं, हनुवटी वर केली, खाली केली, पुन्हा वर. येणारे-जाणारे बघत होते, तिला त्याचं काही नव्हतं. मग माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "एकतीस वर्षं. किती पोरांचे कान मी खोडरबर लावून वर नेले असतील गं. एखाद्यानं बघून काढला असेल बरोबर, आणि मी मार्क कापले."

तिचे डोळे भरले होते. त्या माणसानं ते बघितलं. काय झालं म्हणून मला विचारलं, मी सांगितलं की या चित्रकलेच्या बाई आहेत. तो उठला. उठला म्हणजे खरंच स्वतःच्या जागेवरून उठला. एक चौरस मीटर जागा, तीही निम्मी त्याची, आणि ती त्यानं आत्याला दिली. फळीवर नवा कागद लावला, आणि स्वतः समोर, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर जाऊन बसला.

हातात द्यायला त्यानं चारकोल नाही, तांबूस खडूची एक कांडी काढली. आत्यानं ती बोटांत फिरवली, नखानं जरा खरवडली आणि म्हणाली, "हा तर गेरू." आणि आहेच तो गेरूच्या जातीचा, लोहाची लाल माती. तुळशीवृंदावनाला लावतो, रांगोळीआधी अंगण सारवून वर पट्टा ओढतो, त्याच घरातला.

तिनं हात लांब केला, एक डोळा मिटला, कांडीवर अंगठा सरकवत माप घेतलं. पाहुण्या शहरात, अनोळखी माणसाचं. सुरुवातीच्या रेघा थरथरत्या होत्या. मग कपाळ आलं, नाक आलं, दाढी तर तिनं एका दमात काढली. एवढ्यात त्या जागेतला दुसरा वाटेकरी आला, बगलेत फळी घेऊन. त्याची पाळी होती. त्यानं बघितलं काय चाललंय, फळी भिंतीला टेकवली आणि तोही बघत उभा राहिला. घाई केली नाही.

सगळ्यात शेवटी आत्यानं कान काढला. काढायच्या आधी तिनं त्या माणसाकडे तीनदा बघितलं.

पैशांचा विषय निघाला. तो घेईना. आत्या म्हणाली, "कामाचे पैसे चुकवायचे नाहीत," आणि त्याच्या मुठीत कोंबले. तिनं काढलेलं चित्र मात्र तिनं त्याला दिलं, खाली देवनागरीत सही करून. गेरूची कांडी त्यानं परत घेतली नाही.

हॉटेलात परतताना, टेकडी उतरता उतरता, मी तिला कॉर्तो रस्त्यावरचं एक घर दाखवलं. तिथं सुझान व्हालादों राहायची. परिस्थितीनं गरीब मुलगी, सर्कशीत होती, झुल्यावरून पडली, मग पोटासाठी चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसायला लागली. रेन्वारसमोर बसली. बसल्या बसल्या ती बघत राहिली, ते हात कसा चालवतात, रेघ कुठं जाड करतात. शाळा नाही, गुरू नाही. पुढे ती स्वतः चित्रकार झाली, आणि देगासारख्या नावाजलेल्या चित्रकारानं तिची चित्रं विकत घेतली. आता त्या वास्तूत मोंमार्त्रचं संग्रहालय आहे. आत्या फाटकापाशी थांबली, पाटी वाचायला लावली मला, दोनदा.

चौकात बघण्यासारखं अजून पुष्कळ आहे, वेळ कमी आहे. १८९८ सालच्या २४ डिसेंबरला मोटारी बनवणाऱ्या लुई रेनोनं आपली छोटी मोटार टेकडीचा अवघड चढ चढवून इथवर आणली, त्याची पाटी भिंतीवर आहे. बाकी तुम्ही शोधा. फक्त एक करा. पायऱ्यांवर आणि गल्ल्यांत काही जण कागद हातात घेऊन चालता चालता तुमचं चित्र काढायला लागतात आणि मग पैसे मागतात. त्यांच्यापाशी थांबू नका. चौकात, आपल्या जागेवर बसलेल्या माणसाकडे जा, आधी दर विचारा आणि मग बसा. मोबाइलवर फोटो काढून निघून जाऊ नका. समोर बसा. वीस मिनिटं कुणीतरी तुमच्याकडे नीट बघतंय, हे आजकाल कुठं मिळतं? आणि पुन्हा सांगते, सकाळी, दहाच्या आत, मागच्या बाजूनं.

त्यानं काढलेलं आत्याचं चित्र तासगावच्या घरी दारासमोरच्या भिंतीवर आहे. त्याच्याखाली काचेच्या कपाटात गेरूची ती कांडी, निम्मी झालेली. संध्याकाळी शेजारची पोरं येतात. परवा तिचा फोन आला, बाहेर वळीव कोसळत होता, पत्र्याचा आवाज मला इकडे ऐकू येत होता. म्हणाली, "त्या चौकात पाऊस आला की ती माणसं चित्रं कुठं ठेवतात गं?"

मी म्हटलं, "मोठ्या छत्र्या आहेत त्यांच्याकडे. आणि वर प्लास्टिक टाकतात."

"मग बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

नमस्कार.