माईक नातवंडांकडे, कात्री आजी-आजोबांकडे

नमस्कार मंडळी.

मुलं आणि ज्येष्ठ मिळून रेडिओसाठी गोष्टी करणार म्हटलं की कामाची वाटणी आपोआप होऊन जाते. आजी-आजोबा बोलणार, मुलं रेकॉर्ड करणार आणि पुढचं सगळं लॅपटॉपवर एकटीच उरकणार. आमचा आग्रह यात एका बदलाचा आहे. काय ठेवायचं आणि काय कापायचं, हे बोलणाऱ्या ज्येष्ठाने मुलाशेजारी बसून ठरवावं. चाळीस मिनिटांच्या गप्पांतून सहा मिनिटांची गोष्ट काढताना मूल हटकून विनोद ठेवतं आणि ज्या वाक्यामुळे तो विनोद कळतो, नेमकं तेच उडवतं.

गोष्टी ऐकवायला जागेची अडचण नाही. मेलबर्नचं थ्री ट्रिपल झेड हे रेडिओ केंद्र १९८९ पासून, ब्रिस्बेनचं फोर ईबी १९७९ पासून अनेक भाषांत कार्यक्रम लावतं. तिकडे साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी हा रेडिओ २००८ पासून गावातल्याच लोकांचे आवाज ऐकवते आहे. आपलं घोडं अडतं ते कामाच्या पद्धतीवर.

पहिली चूक प्रश्नात होते. ‘तुमचं बालपण कसं होतं?’ असं विचारलं की ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे व्याख्यान सुरू होतं आणि ते आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. प्रश्न वस्तूवर आणा. शाळेत जाताना पायात काय असायचं? रेडिओच्या परवान्याचे पैसे भरायला पोस्टात कोण जायचं? रॉकेलच्या रांगेत कोणाला उभं करायचे? आजीला स्टोव्ह पेटवायला सांगा, नुसता बोलून. काकडा रॉकेलमध्ये बुडवून बर्नरला लावायचा, बर्नर तापला की किल्ली आवळून पंप मारायचा, ज्योत पिवळी आली की पिन करायची. इथे मुलाने ‘पिन म्हणजे?’ विचारलंच पाहिजे. आजी मग तारेचं ते टोक बोटांनी दाखवते. रेडिओवर बोटं दिसत नाहीत, म्हणून मुलाने लगेच म्हणावं, ‘आजी, हाताने दाखवू नको, तोंडाने सांग.’ शेवटी स्टोव्हचा आवाज काढून दाखवायला सांगा. बहुतेक आज्या तो फार छान काढतात.

रेकॉर्डिंग सकाळी, चहा-नाश्ता आणि औषधं झाल्यावर ठेवा. पाऊण तासाच्या पुढे नेऊ नका, आवाज थकतो. पडदे आणि गादी असलेली झोपायची खोली उत्तम. बैठकीची खोली घुमते. हीटर, पंखा बंद. फ्रिजची घरघर येत असेल तर तोही बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही. फोन एअरप्लेन मोडवर हवा. मधेच कॉल आला तर रेकॉर्डिंग तुटतं. बांगड्या काढायला किंवा रुमालाने बांधायला सांगा. साडीला लावायचा क्लिपचा माईक पदराला आणि मंगळसूत्राला घासतो, त्यापेक्षा मुलाने माईक हातात धरलेला बरा. अंतर तोंडापासून वीतभर आणि किंचित कडेला, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा फटका बसतो. रेकॉर्डिंगच्या अॅपमधला आवाजाची पातळी दाखवणारा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचू द्या. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर धड सांधता येत नाही.

श्रवणयंत्र असलेल्यांना कान झाकणारे हेडफोन लावू नका. यंत्र शिट्टी मारतं आणि ती शिट्टी माईकमध्ये येते. हेडफोन मुलाच्या कानावर असू दे. मुलानेही ‘हं, हं’ करू नये, नुसती मान हलवावी. आजीच्या वाक्यावर बसलेला ‘हं’ वेगळा काढता येत नाही. सगळं झाल्यावर मिनिटभर कोणीही न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा. जोड लपवायला तीच कामी येते.

फाइल वेव्ह, मोनो, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट ठेवा. चाळीस मिनिटांची साधारण २३० एमबी होते. व्हॉइस नोट म्हणून व्हॉट्सअॅपवर टाकली की आवाजाचा दर्जा पडतो. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर.

आता कात्री. ऑडॅसिटी हे आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे, पण सुरुवात कागदावर करा. मुलाने दर मिनिटाला काय बोलणं झालं याची यादी मोठ्या अक्षरात छापायची. आजोबांनी स्पीकरवर दहा-दहा मिनिटं ऐकून पेन्सिलीने खुणा करायच्या, आणि मगच मुलाने कापायचं. कापताना वाक्याआधीचा श्वास ठेवा. तो गेला की माणूस यंत्रासारखा बोलू लागतो. नवख्या जोडीला सहा मिनिटांच्या गोष्टीसाठी चार-पाच तास लागतात, तेही दोन बैठकांत.

याच बैठकीत भाऊबंदकी बाहेर पडते. जमिनीच्या वाटणीत कोणी काय केलं, हे बोलण्याच्या भरात नावानिशी येतं, आणि कार्यक्रम इंटरनेटवरून गावातही ऐकला जातो. ते ठेवायचं की नाही, हे मुलाला कळणं शक्य नाही. म्हणून संमतीच्या कागदावर, बोलून झाल्यावरच्या एका सहीवर थांबू नका. कापून तयार झालेली गोष्ट ऐकवून दुसरी सही घ्या. अठराखालच्या मुलांसाठी पालकांचीही हवी.

तारखा मुलांनी तपासायच्या. पानशेत फुटलं ते १२ जुलै १९६१ ला, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. आजोबांनी साल चुकवलं तर त्यांना परत बोलायला लावू नका, पाठ केल्यासारखं येतं. मुलाच्या निवेदनात बरोबर तारीख घाला.

प्रत्येक फाइलसोबत नाव, गाव, तालुका आणि तारीख लिहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज ती ओवी ऐकताना गाणारीचं नाव आणि गाव समोर येतं, ते अशा नोंदींमुळेच. संगीत हवं असेल तर आजीची ओवीच घ्या. सिनेमाचं गाणं रेडिओ केंद्राच्या परवान्यात प्रक्षेपणाला चालतं, पण तोच कार्यक्रम पॉडकास्ट म्हणून ठेवायचा तर परवानगी वेगळी लागते.

बोलण्याखाली संगीत लावायचंच असेल तर ते आवाजापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली ठेवा आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या रेडिओएवढ्या स्पीकरवर एखाद्या ज्येष्ठांना ऐकवा. त्यांना एक शब्द जरी परत विचारावा लागला, तर संगीत काढून टाका.