रॉजर एबर्ट : थांबून पाहणारा समीक्षक

श्रोतेहो, नमस्कार.

रॉजर एबर्ट यांना जगानं ओळखलं ते अंगठ्यावरून. दूरचित्रवाणीवर जीन सिस्केल यांच्याशी हमरीतुमरीवर येऊन ते सिनेमाबद्दल वाद घालायचे आणि शेवटी अंगठा वर किंवा खाली करायचे. दोघंही शिकागोतल्या प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांचे समीक्षक, त्यामुळे ती चुरस अगदी खरी होती. पण मला एबर्ट मोठे वाटतात ते वेगळ्याच कारणासाठी.

कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या विद्यापीठात ते वर्षानुवर्षं जात. एकच चित्रपट घ्यायचा, आधी सलग दाखवायचा आणि मग पुढचे काही दिवस तोच पुन्हा, सावकाश. अंधाऱ्या सभागृहातून कुणीही ‘थांबा!’ म्हणून ओरडावं, की चित्र जागच्या जागी थांबे. मग सगळे मिळून त्या एका चौकटीकडे बघत बसत. दिवा कुठे आहे? पात्र उजवीकडे का उभं आहे? एबर्ट सांगत, चौकटीत उजव्या बाजूचं पारडं सहसा जड वाटतं. ‘सहसा’ हा शब्द मात्र ते आवर्जून वापरत, कारण असे नियम मोडूनच चांगले दिग्दर्शक काम करतात. ओरडणारा प्राध्यापक असो की गावातलं कुणी, त्याचं निरीक्षण ते तितक्याच गांभीर्यानं ऐकत. समीक्षा शिकवण्याची याहून चांगली रीत मला तरी ठाऊक नाही.

जन्म १९४२चा, इलिनॉयमधल्या अर्बाना गावचा. १९६७ साली ‘शिकागो सन-टाइम्स’चे समीक्षक झाले, ते अखेरपर्यंत. १९७५ साली त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळालं. चित्रपट समीक्षेसाठी ते मिळवणारे ते पहिलेच.

पुढे कर्करोगानं गाठलं. २००६मध्ये शस्त्रक्रियांत खालचा जबडा गेला. बोलणं, खाणं, पिणं, सगळंच बंद झालं. डीव्हीडींसाठी त्यांनी पूर्वी चित्रपटांवर समालोचनं ध्वनिमुद्रित केली होती. तोच आवाज वापरून एका कंपनीनं त्यांच्यासाठी संगणकीय आवाज घडवला. आपण रेडिओवर भेटतो आहोत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. सिनेमावर मन लावून बोललेले ते तास असे त्यांच्या कामी आले.

आणि लेखणी? ती उलट जोमानं चालू लागली. एकट्या २०१२ साली त्यांनी ३०६ परीक्षणं लिहिली! सत्तरीचा, आजारी माणूस. ४ एप्रिल २०१३ रोजी ते गेले. त्याच्या दोनच दिवस आधी त्यांनी वाचकांना कळवलं होतं, की आता काम कमी करणार आणि मनापासून लिहावंसं वाटेल त्याच चित्रपटांवर लिहिणार.

थोर चित्रपटांवरचे त्यांचे दीर्घ लेख आजही वाचायला मिळतात. त्यात आपल्या सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीवरचाही आहे. सुरुवात त्या लेखापासून करा. आधी चित्रपट बघा, मग लेख वाचा, आणि जमलं तर चित्रपट पुन्हा एकदा बघा. नमस्कार.