बंब दाराशी येईपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबई अग्निशमन दलात मी तीस वर्षं यंत्रचालक होतो. लाल गाडी चालवायची आणि जागेवर पोहोचलं की तिचाच पंप सांभाळायचा, हे माझं काम. बाकीचे जवान नळी घेऊन धुरात शिरतात. यंत्रचालक गाडीपाशी उभा राहून त्यांना पाणी पुरवतो. आत काय चाललंय ते त्याला दाबाच्या काट्यावरून कळतं. म्हणून आज मी तुम्हाला आगीच्या आतलं फार सांगणार नाही. आगीपर्यंतच्या रस्त्याचं सांगेन.

आमच्याकडे आगीच्या फोनला 'वर्दी' म्हणतात. वर्दी आली की केंद्रात घंटा होते आणि मिनिटाच्या आत गाडी फाटकाबाहेर पडली पाहिजे, असा दंडक. मुंबईत तीसहून अधिक अग्निशमन केंद्रं आहेत. हमरस्त्यावर लोक बाजूला होतात, वाहतूक पोलीस सिग्नल मोकळा करून देतात. वेळ जातो तो शेवटच्या दोनशे मीटरांत.

एका रात्रीची गोष्ट सांगतो. चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावर आग. गल्लीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या आणि मधून रिक्षा जाईल एवढीच वाट. आमचा बंब बाहेरच अडला. नळीचा एक तुकडा साधारण १५ मीटरचा. पोरांनी एकाला एक जोडत नळी आत नेली, शिडी हातांवर उचलून नेली. मी पंपाला हात लावून उभा, पण पाणी सोडता येत नव्हतं, कारण शेवटचा जोड व्हायचा होता. एका आजींना खाली आणलं तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या. पुढे त्या बऱ्या झाल्या. पण ती मिनिटं मी मोजलेली आहेत, अजून आठवतात.

उंच इमारतीच्या नकाशात आमची गाडी फिरेल एवढी मोकळी जागा दाखवलेली असते. ती तशी असेल तरच परवानगी मिळते. माणसं राहायला आली की दोन वर्षांत त्याच जागेत पार्किंगचे पांढरे पट्टे उमटतात. सोसायटीच्या सभेत गाड्यांवरून तासभर भांडणं होतात, बंबाच्या वाटेचा विषय कोणी काढत नाही. गणपतीच्या दिवसांत मंडपाला परवानगी देतानाही बंब जाईल एवढा रस्ता सोडायला सांगतात, तो याचसाठी.

आता वर्दी कशी द्यायची ते ऐका. नंबर १०१. ११२ लावलात तरी चालेल. घाबरलेला माणूस "आग लागली, लवकर या" एवढं बोलतो आणि फोन ठेवतो. तसं करू नका. इमारतीचं नाव, रस्ता, जवळची ठळक खूण, कितवा मजला, कोणी अडकलंय का, आणि काय जळतंय, एवढं सांगा. समोरचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवू नका. मग एक जण गल्लीच्या नाक्यावर जाऊन उभा राहू दे, रात्र असेल तर हातात बॅटरी घेऊन.

'काय जळतंय' यावर मी भर देतो, त्याला कारण आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन दारूगोळा. असा माल असला की जहाजावर लाल बावटा लावायचा असतो. तो त्या जहाजावर नव्हता. आमचे लोक आग विझवत असतानाच दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आमच्या दलाचे ६६ जण गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. तुमच्या इमारतीच्या तळमजल्यावर थिनरचे डबे असतील, एखाद्या गाळ्यात सिलिंडर साठवलेले असतील, तर फोनवर सांगा. सांगितल्याने तुमच्यावर लगेच खटला होणार नाही, पण न सांगितल्याने आत शिरणाऱ्या जवानाचा जीव जाऊ शकतो.

आग विझवायला आम्ही पैसे घेत नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं. कोसळलेली इमारत, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं, पावसात तुंबलेल्या पाण्यात सापडलेली कुटुंबं, रस्त्यावर सांडलेलं तेल, संक्रांतीत मांजात अडकलेली घार, सगळ्याला आमचीच गाडी येते. चौपाट्यांवरचे जीवरक्षकही आमच्याच दलाच्या देखरेखीखाली काम करतात.

आता कायद्याकडे येतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. नाव लांबलचक आहे, पण मूळ गोष्ट सरळ आहे. इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा वापर करणाऱ्याची जबाबदारी आहे. सोसायटी असेल तर सोसायटीची. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून घ्यायची आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, अग्निशमन दलाकडे द्यायचा. दुर्लक्ष केलं तर नोटीस येते, आणि धोका मोठा असेल तर पाणी आणि वीज तोडण्याचाही अधिकार कायद्यात आहे.

फॉर्म भरला म्हणजे यंत्रणा चालू आहे, असं मात्र समजू नका. तुमच्या इमारतीच्या बाहेर, फाटकाजवळ, लाल रंगाची पितळी तोंडं असतात. आम्ही तिथे आमची नळी जोडतो आणि गाडीतलं पाणी इमारतीच्या उभ्या पाइपात चढवतो. मी अशी तोंडं पाहिली आहेत ज्यांची टोपणं चोरीला गेलेली आणि आत गुटख्याच्या पुड्या कोंबलेल्या. वर जवान होज रीलचं, म्हणजे मजल्यावरच्या गुंडाळलेल्या नळीचं, चाक फिरवून वाट पाहतोय, आणि खाली मी स्क्रू ड्रायव्हरने कचरा काढतोय. कागदावर ती इमारत ठीक होती. तेव्हा सेक्रेटरी साहेबांना माझी विनंती आहे. एजन्सीचा माणूस आला की सोबत गच्चीवर जा. टाकीत पाणी आहे का ते स्वतः बघा. पंप सुरू करायला लावा आणि सर्वात वरच्या मजल्यावरची नळी उघडून पाणी येतं का ते पाहा. पाणी आलं तरच सही करा.

मुंबईतल्या बहुतेक आगींचं मूळ विजेत सापडतं. मीटर रूम जिन्याखाली, तिच्यासमोर स्कूटर लावलेल्या, बाजूला जुनी गादी. खाली ठिणगी पडली की धूर थेट जिन्यात. केबलच्या डक्टमध्ये, म्हणजे वायरी वर नेणाऱ्या उभ्या पोकळीत, प्रत्येक मजल्यावर भोकं बुजवलेली असावीत असा नियम आहे. इंटरनेटवाला येतो, नवी वायर टाकतो, भोक उघडं ठेवून जातो. मग तोच डक्ट धुराची चिमणी होतो. डक्टचं दार उघडून बघायला तुम्हाला इंजिनिअर लागत नाही.

धुराबद्दल जरा थांबून बोलतो. माणसं आगीच्या आधी धुराने जातात. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहाला आग लागली, १४ जण गेले. त्यांतले बरेच जण शौचालयात सापडले. तिथे पाणी आहे, दार आहे, म्हणून आसरा घेतला असणार. पण बाहेर पडायची वाट नसलेली खोली धुरात आसरा देत नाही. म्हणून हॉटेलात, सभागृहात गेलात की आधी दुसरा दरवाजा कुठे आहे ते पाहून ठेवा. घरात असाल तर दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराला लावून बघा. गरम लागलं तर उघडू नका, फटींत ओले टॉवेल कोंबा आणि रस्त्याकडच्या खिडकीत येऊन हात हलवा. बाहेर पडता येत असेल तर मागे दार ओढून घ्या, खाली वाकून जिन्याने उतरा. लिफ्ट नको. खिडकीच्या पेटीसारख्या ग्रिलला आतून उघडेल असं एक दार करून घ्या. आमची शिडी खिडकीपर्यंत येते आणि पुढे लोखंड कापत बसावं लागतं, हे मी खालून पाहिलंय.

उंच इमारतीत ठरावीक मजल्यांवर 'रेफ्यूज एरिया' असतो. जिन्याने खाली जाता आलं नाही तर तिथे थांबायचं, आम्ही तिथूनच तुम्हाला घेतो. तिथे कुलूप, जिमची यंत्रं किंवा कोणाचं फर्निचर असेल तर आजच सोसायटीला पत्र लिहा.

स्वयंपाकघराचं थोडक्यात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. वास आला तर विजेचं बटण दाबू नका, चालू असलेलं बटण बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात ओतू नका. गॅस बंद करा, ताट किंवा झाकण सरकवून कढई झाका आणि तशीच थंड होऊ द्या.

९ मे २०१५ ला काळबादेवीच्या एका जुन्या इमारतीला आग लागली. आमचे अधिकारी आत असताना इमारत खचली. संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि आमचे प्रमुख सुनील नेसरीकर, चौघे त्या आगीने नेले. साहेब लोक पुढे होते, मागे नव्हते. एवढंच सांगतो, जास्त बोलवत नाही.

१४ तारखेला सकाळी मी भायखळ्याच्या मुख्यालयात मानवंदनेला जाईन. त्यानंतर २० एप्रिलपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह आहे. मुलांना घेऊन जवळच्या केंद्रात एकदा जाऊन या. त्यांना बंब बघू द्या. आणि तुम्ही तिथल्या यंत्रचालकाला एक प्रश्न विचारा: आमच्या गल्लीत तुमची गाडी वळते का? कोणत्या कोपऱ्यावर आरसा घासतो, कोणता खांब आड येतो, हे तो तुम्हाला बोट ठेवून सांगेल.

नमस्कार.