सतरावी बाहुली

श्रोतेहो, नमस्कार.

तीन नाटकं एका दिवसात सलग बघायची म्हटलं की आपल्याला त्रिनाट्यधारा आठवते. महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही नाटकं चंद्रकांत कुलकर्णींनी १९९४ साली ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेसाठी एकत्र बसवली, आणि प्रेक्षक जवळजवळ नऊ तास देशपांड्यांच्या वाड्यात रमले. आज मी बोलणार आहे ते तीन नाटकांतून दिसणाऱ्या अशाच एका घराबद्दल. पण हे घर आहे ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या कार्ल्टन भागात.

घर म्हाताऱ्या एमाचं. तिची मुलगी ऑलिव्ह बारमध्ये कामाला. रू आणि बार्नी हे दोघे मित्र वर्षाचे सात महिने दूर उत्तरेला, क्वीन्सलंडमध्ये ऊस तोडतात आणि उरलेले पाच महिने या घरी येऊन राहतात. ऊसतोड म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बीडकडच्या टोळ्या येतात, उचल येते, पाचटाच्या खोपी येतात. हे दोघे मात्र खिसा गरम करून येतात आणि तो मोकळा होईपर्यंत मजेत राहतात. रू ऑलिव्हचा, बार्नी तिच्या मैत्रिणीचा, नॅन्सीचा. लग्नाचं कुणी नाव काढत नाही. येताना रू दर वर्षी ऑलिव्हसाठी काठीला बांधलेली, झिरमिळ्या झग्यातली एक क्यूपी बाहुली आणतो. अशी सोळा वर्षं गेली. सतराव्या वर्षी सगळं मोडतं.

‘समर ऑफ द सेव्हन्टीन्थ डॉल’ हे रे लॉलर यांचं नाटक २८ नोव्हेंबर १९५५ रोजी मेलबर्नच्या युनियन थिएटरमध्ये जॉन समनर यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलं. लॉलर फुटस्क्रे या कामगारवस्तीतले. शाळा तेराव्या वर्षी सुटली आणि ते कारखान्यात लागले. पहिल्या प्रयोगात बार्नीही त्यांनीच केला. तोवर तिथल्या रंगमंचावर बहुतेक इंग्लंडहून आलेलं साहित्य, इंग्लंडच्या उच्चारांत. आपल्या गल्लीतली माणसं आपल्याच बोलीत भांडताना बघून प्रेक्षक हरखले. १९५७ मध्ये प्रसिद्ध इंग्लिश नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी ते लंडनला नेलं.

पुढे लॉलर बरीच वर्षं परदेशात राहिले आणि १९७५ च्या सुमारास मायदेशी परतले. तेव्हा त्यांनी या माणसांचा मागचा काळ लिहिला: ‘किड स्टेक्स’ १९३७ सालातलं, ‘अदर टाइम्स’ १९४५ मधलं, युद्ध संपतानाचं. शेवट आधी लिहून झाला होता, सुरुवात वीस वर्षांनी झाली. १९७७ मध्ये मेलबर्न थिएटर कंपनीने तिन्ही नाटकं एकत्र आणली. लॉलर २०२४ च्या जुलैमध्ये, १०३ व्या वर्षी गेले, आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नच्याच रेड स्टिच या छोट्या नाट्यसंस्थेने ही तिन्ही नाटकं पुन्हा उभी केली.

श्रोतेहो, सुटी सुटी पाहिली तर कथेच्या क्रमाने पहिली दोन नाटकं तिसऱ्याच्या, म्हणजे बाहुलीच्या मूळ नाटकाच्या तोडीची नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘किड स्टेक्स’ तर एकटं घेतलं की हलकंफुलकं वाटतं. पण एकाच दिवशी सलग बघताना त्याच हलकेपणाची किंमत कळते, आणि ती कळते नॅन्सीमुळे. मूळ नाटकात नॅन्सी रंगमंचावर येतच नाही. पडदा उघडतो तेव्हा ती लग्न करून निघून गेलेली असते आणि तिच्या जागी पर्ल नावाची विधवा बाई आणलेली असते. एकटं नाटक बघणाऱ्याला नॅन्सी म्हणजे नुसतं एक नाव. सलग बघणाऱ्याने मात्र दुपार तिच्या संगतीत काढलेली असते. तिच्या फिरक्यांवर तो हसलेला असतो, दुसऱ्या नाटकात तिच्या हसण्याखालचा थकवा त्याने ओळखलेला असतो. मग जेवणाची सुटी. रात्री तिसरी घंटा होते, पडदा सरकतो आणि त्याच खोलीत अवघडून बसलेली एक परकी बाई दिसते. लेखकाने तिच्या तोंडी एक शब्द घालण्याआधीच प्रेक्षकाला नॅन्सीची उणीव भासू लागते. ही किमया केवळ सलग प्रयोगाची.

नटांचीही कसोटी लागते. एकविशीतली ऑलिव्ह रात्री सदतीस वर्षांची व्हायची. तिथे रंगभूषा थोडीशीच मदत करते, बाकी सगळं चालण्यात आणि आवाजात आणावं लागतं. नेपथ्याचंही तसंच. तिसऱ्या नाटकाच्या सुरुवातीला खोली गच्च भरलेली असते: भिंतींवर, तसबिरींमागे, फुलदाण्यांत बाहुल्या, सोबत क्वीन्सलंडचे पेंढा भरलेले रंगीत पक्षी आणि फुलपाखरं. शेवटच्या अंकात यातलं काही उरत नाही. भिंती उघड्या पडलेल्या असतात.

तोवर रूची कंबर धरलेली असते. टोळीचं म्होरकेपण एका तरुण पोराकडे गेलेलं असतं. रू रंगाच्या कारखान्यात नोकरी धरतो आणि ऑलिव्हला लग्नाचं विचारतो. इतर कुठल्याही नाटकात हा सुखाचा शेवट ठरला असता. ऑलिव्ह मात्र आकांत करते. तिला नवरा नको असतो, तिला ते पाच महिने परत हवे असतात. ती निघून जाते. रूच्या हाताशी सतरावी बाहुली येते आणि तो ती आपटून आपटून तिच्या चिंधड्या करतो. पहिली बाहुली आली तेव्हा हेच प्रेक्षक इथेच, याच खुर्च्यांवर बसलेले असतात.