ठेक्यावर गेलेली आपली माहिती

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीच्या विश्रामबागेत किंवा मिरजेत एखाद्या बँकेत आपण कर्जाचा अर्ज देतो. सोबत आधार, पॅन, सातबारा आणि दोन फोटो. काउंटरवरचा माणूस ओळखीचा असतो, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण अर्ज स्कॅन करणारी एजन्सी वेगळी, संगणक प्रणाली सांभाळणारी कंपनी पुण्या-मुंबईची, एसएमएस पाठवणारी तिसरीच, आणि हप्ता थकला की दारात येणारा वसुली एजंट चौथ्याच ठेकेदाराचा असू शकतो. आपण कागद एका ठिकाणी देतो, माहिती मात्र चार ठिकाणी फिरते.

हे कुठवर जाऊ शकतं ते 2003 साली अमेरिकेत दिसलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका विद्यापीठ रुग्णालयाने डॉक्टरांच्या ध्वनिफिती टाइप करायचं काम जवळच्या एका कंपनीला दिलं. तिने ते फ्लोरिडातल्या बाईला दिलं, तिने टेक्ससमधल्या माणसाला, आणि त्याने थेट कराचीतल्या एका बाईला. तिचे पैसे थकले. तेव्हा तिने रुग्णालयालाच कळवलं, की माझे पैसे द्या, नाहीतर रुग्णांचे कागद इंटरनेटवर टाकते. आपलं काम कराचीत होतंय हे रुग्णालयाला तोवर ठाऊकच नव्हतं.

त्या सुमारास अमेरिकेत बाहेरदेशी काम देण्यावर बंधनं घालण्याची मागणी जोरात होती. न्यू जर्सी राज्याने 2005 साली सरकारी ठेक्यातली सेवा देशातच द्यावी असा कायदा केला. कॉल सेंटरच्या माणसाने आपण कुठून बोलतोय ते सांगावं, असं विधेयक तिथल्या काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा आलं. नोकऱ्या वाचवण्याची त्यांची काळजी खरी आहे. पण माहिती फुटते ती मुख्यतः साखळीतला मधला माणूस कोण हे मालकाला माहीत नसतं म्हणून. सगळी साखळी एकाच जिल्ह्यात असली तरी फुटायची ती फुटतेच.

आपला 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा नेमकी हीच गाठ धरतो. तो बँकांना-कंपन्यांना सांगतो, काम ठेक्याने द्या, पण रीतसर करार करूनच द्या, आणि ठेकेदाराने घोळ घातला तरी जबाबदार तुम्हीच. पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम आले. त्यांत माहिती कोणी, कधी उघडली याची नोंद वर्षभर ठेवायला सांगितलंय. संमतीची सूचना मराठीतही मागता येईल, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. मात्र यातल्या बहुतेक तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून लागू होतात.

एक गोष्ट मला सलते. हा दंड सरकारजमा होतो. ज्याचं नुकसान झालं त्याला त्यातला रुपयाही मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 43-अ कलमाने कंपनीकडून भरपाई मागता येते, पण नवा कायदा पूर्ण लागू झाला की हे कलम वगळलं जाणार आहे. हे बदलायला हवं.

सांगली-साताऱ्यात सहकारी बँका भरपूर, म्हणून हे लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये सहकारी बँकांना बजावलंय, की कर्ज मंजुरी, केवायसीचे नियम पाळले गेले का हे ठरवणं आणि अंतर्गत तपासणी बाहेर देता येणार नाही. वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर करता येत नाही, आणि तुमच्या थकबाकीचा बोभाटा शेजाऱ्यापाजाऱ्यांत करता येत नाही. पतसंस्थेचं तसं नाही. ती रिझर्व्ह बँकेखाली येत नाही, तिची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करायची.

आता झेरॉक्सचं बघू. जमेल तिथे मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. सरकारी अनुदान खात्यात हवं असेल तिथे मात्र पूर्ण क्रमांक लागतो. प्रतीवर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख, आणि सही. हे लिखाण मजकुरावरून गेलं पाहिजे. कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं तर कापून टाकता येतं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर पीडीएफ उघडली असेल तर डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधूनही ती पुसून घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवली असेल तर दुकानदाराच्या फोनमधूनही.

बोटांचे ठसे आधारच्या अॅपमधून लॉक करता येतात. जुन्या खरेदीखतांवरचे अंगठे उचलून आधारवरून पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडलेत, त्यावर हा उपाय. पण लॉक असताना रेशन दुकानात अंगठा लागत नाही, जाण्याआधी थोड्या वेळापुरतं उघडायचं.

आणि खात्यातून पैसे गेलेच, तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन, लगेच बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तोटा तुमच्यावर येत नाही. चार ते सात दिवस झाले तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत काही भार तुमच्यावर. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. माहितीसाठी क्रमांक 14448.