56,000 फुल्या

[दृश्य : कापडाची उलट बाजू, अगदी जवळून. त्यावरून हळूहळू फिरणारं बोट.]

काकूंनी कापड हातात दिलं ते उलटं. म्हणाल्या, "गाठ शोधून दाखव." कॅमेरा धरणाऱ्या मुलाने पाच मिनिटं बोट फिरवलं. एकही गाठ लागली नाही.

[दृश्य : कापड वळतं. घुमट, कमानी, घड्याळ.]

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. काकू अजून व्हीटीच म्हणतात. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून ही इमारत 1878 साली उभी राहायला लागली आणि 1888 साली पुरी झाली. काकूंची व्हीटी गिरगावातल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीला लागून असलेल्या खिडकीत, कापडावर फुलीच्या टाक्याने (क्रॉस-स्टिचने) उभी राहिली. घर म्हणजे कापडाच्या विणीतला एक चौकोन. 280 घरं रुंद, 200 घरं उंच, प्रत्येक घरात एक फुली. गुणाकार केला की 56,000.

दुपारची भांडी आवरली की चार वाजेपर्यंत त्या बसतात. तासाला साधारण दीडशे फुल्या होतात. म्हणजे पावणेचारशे तासांच्या आसपास. घरातले लोक याला काकूंचा टाइमपास म्हणतात.

[दृश्य : जुनं तोरण. मॅटीचं कापड, मोर, कडेला मणी.]

ज्यांच्या घरी रुखवत मांडलं गेलं, त्यांना हे कापड ओळखीचं वाटेल. मॅटी, म्हणजे चौकटीच्या विणीचं जाडसर कापड. कुणी दोसुतीही, म्हणजे दुहेरी सुताचं कापड, वापरायचं. सत्तर-ऐंशीच्या दशकात लग्न ठरलं की घरातल्या बायका रुमाल, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, तोरण भरायला घ्यायच्या. नमुने एका घरातून दुसऱ्या घरात जायचे, तेही चौकटीच्या वहीत फुल्या मारून. आमच्या आईची अशी वही होती. मोराच्या पिसाऱ्यात दोन ओळी कमी होत्या आणि वाडीतल्या सगळ्या तोरणांवरचे मोर तसेच अपुरे निघाले.

काकूंचं माहेर धारवाडचं. कसुती, म्हणजे तिकडचं भरतकाम, त्यांनी आईच्या हाताखाली पाहिलं. कसुतीत चार टाके : गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे आपली फुलीच, मेथीच्या दाण्यावरून नाव पडलेली. गवंती आणि मुरगी तर कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारख्याच दिसल्या पाहिजेत, म्हणून तिथे गाठीला मज्जावच. काकूंच्या हाताला गाठ मारायची सवयच लागली नाही ती तेव्हापासून.

[दृश्य : टेबलावर पसरलेला नमुना, चिकटवलेली आठ पानं, पिवळ्या शाईने रंगवलेले चौकोन.]

भाच्याने व्हीटीचा फोटो संगणकात घालून नमुना काढून दिला. त्यात 83 रंग होते. काकूंनी ते 34वर आणले आणि त्यात पंधरा दिवस घालवले.

हे पंधरा दिवस कुणालाही दिसत नाहीत, म्हणून इथे थांबू या. फोटोत उन्हाचा एक कवडसा असतो. संगणक त्याचे सात पिवळे करतो. मग दगडी भिंतीत मधेच एक गुलाबी घर, त्याशेजारी एक राखाडी, पुढे एकच हिरवं. अशा एकेकट्या फुल्यांनी काम ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. शिवाय त्या प्रत्येकीसाठी दोरा सुरू करायचा आणि संपवायचा, म्हणजे मागची बाजू जाड. काकू पेन्सिल घेऊन बसल्या. जिथे एकटं घर दिसेल तिथे विचारायच्या : हे काढलं तर खिडकी खिडकी राहते का? राहते. मग कशाला? पण 'प्रगती'च्या पुतळ्याला त्यांनी हात लावला नाही. घुमटावर उभी असलेली ही बाई, उजव्या हातात मशाल, डाव्या हातात चाक. नमुन्यात ती सगळी मिळून 61 घरं आहे, त्यातली मशालीची चार.

[दृश्य : भुलेश्वरची गल्ली, लेसचे गुंडाळे, दोऱ्यांच्या लड्यांचे खण.]

दोरे भुलेश्वरला. लडी आठ मीटरची आणि सहा पदरी. अँकरच्या दोऱ्यात 403 म्हणजे काळा. डीएमसीच्या दोऱ्यात तोच काळा 310. तक्त्यात दोन्ही कंपन्यांचे रंग जोडून दिलेले असतात, पण तंतोतंत जुळतातच असं नाही. म्हणून एकदा अँकर घेतला की शेवटपर्यंत अँकर. आभाळाच्या निळ्याच्या दहा लड्या एकदम घेतल्या. पाच आता आणि पाच दिवाळीनंतर असं केलं की रंगाचा घाणा बदलतो आणि आभाळात पट्टा उमटतो.

[दृश्य : काकू पारदर्शक दोरा सुईत ओवताहेत. उन्हात चमकणारा दोरा.]

आणि हे तंगूस. मासे धरायला वापरतात तेच.

कापडात इंचाला 14 घरं. म्हणजे चित्र 20 इंच रुंद आणि सव्वाचौदा इंचांहून किंचित जास्त उंच. चारही बाजूंना तीन-तीन इंच मोकळं. कापड कापून कडा दुमडून शिवल्या, ते आम्ही पोचायच्या आधीच झालं होतं. पुढचं आम्ही पाहिलं, मोजणी चुकू नये म्हणून घातलेल्या तंगूसाच्या रेषा : उभ्या 29, आडव्या 21, दर दहा घरांवर एक. तंगूस पाच घरं वरून, पाच घरं खालून. उभी आणि आडवी रेषा एकाच छिद्रात भेटली नाही, तर कुठेतरी मोजणी चुकली. सहा दुपारी यातच गेल्या. कापडावर अजून एकही फुली नव्हती.

साधा दोरा चालत नाही का? चालतो. पण सुई त्यातून आरपार जाते आणि शेवटी तो ओढताना फुल्याही ओढल्या जातात. तंगूसात सुई घुसत नाही. पाण्याने पुसली जाणारी निळी पेन मिळतात, तीही चांगली. फक्त धुवायच्या आधी इस्त्री फिरली की ती निळी रेघ कायमची.

[दृश्य : दोन बोटांत एकच पदर. मोठा केलेला.]

आता सुरुवात. गाठ न मारता सुरुवात कशी करायची, हे या सगळ्या चित्रणातलं माझं सगळ्यांत आवडतं दृश्य.

दोन हात लांबीचा एकच पदर घ्यायचा. जुन्या मापातला हात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. तो दुमडायचा. दोन्ही टोकं 24 नंबरच्या बोथट सुईत. खाली राहतो तो फास. सुई मागून पुढे आली, तिरकी जाऊन परत मागे गेली, की त्या फासातूनच काढायची. ओढलं की दोरा बसला. संपवताना सुई मागच्या चार-पाच टाक्यांखालून सरकवायची आणि कात्री.

एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी मागून दोरा नेतानाही मर्यादा आहे. तीन-चार घरं, बस. काळा दोरा पांढऱ्या भागाच्या मागून गेला तर समोरून सावली दिसते. काचेखाली गेल्यावर ती जास्तच दिसते.

[दृश्य : कापडाच्या कोपऱ्यात, चित्राबाहेर, एकच लाल फुली.]

ही फुली चित्राची नाही. खालचा पाय, म्हणजे फुलीतला पहिला तिरका टाका, कुठून कुठे आणि वरचा कुठून कुठे, हे ती सांगते. सगळ्या फुल्यांचा वरचा पाय एकाच दिशेला गेला पाहिजे. एखादी उलटी पडली तर नुसत्या नजरेला कळत नाही. दिवा लावला की नेमकी तीच चमकते. कापड फिरवून फिरवून भरायची ज्यांना सवय आहे, त्यांच्या हातून हे हमखास होतं.

[दृश्य : सुई दोन पदरांच्या मधोमध शिरते. अतिशय संथ.]

सुई खाली जाताना दोन पदरांच्या मधून जाते, म्हणजे ते एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसतात. याला इंग्रजीत रेलरोडिंग म्हणतात हे काकूंना आम्हीच सांगितलं. त्या बराच वेळ हसल्या. व्हीटी भरताहेत आणि रूळही टाकताहेत! हे वरच्या पायापुरतं केलं तरी पुरतं, खालचा कुणाला दिसतोय. दहा-पंधरा फुल्या झाल्या की सुई सोडून द्यायची, लोंबू द्यायची. ती गरगर फिरते आणि दोऱ्याचा पीळ उतरतो.

[दृश्य : लाकडी फ्रेम, वर एक हात, खाली एक हात.]

फ्रेम सुताराकडून करून घेतलेली, दोन रूळांची. जरीकाम करणाऱ्यांच्या अड्ड्याचं, म्हणजे मोठ्या चौकटीचं, धाकटं भावंड म्हणा. गोल रिंग छोट्या कामाला ठीक आहे, पण रात्री काढायला विसरलात तर तिचा वळ भरलेल्या टाक्यांवर राहतो.

आभाळ भरताना एका ओळीचे सगळे खालचे पाय आधी, मग परत येताना वरचे. खिडक्या भरताना तसं नाही, एकेक फुली पुरी करत जायचं. आणि जिथे दहा बाय दहाच्या एका चौकोनात अकरा रंग येतात तिथे…

[दृश्य : कापडाच्या पुढून लोंबणारे रंगीत दोरे, वाऱ्याने हलणारे.]

…तिथे या मुंडावळ्या. एका रंगाचं चौकोनातलं काम संपलं की दोरा कापायचा नाही. तोच रंग पुढच्या चौकोनात जिथे पहिल्यांदा येतो, तिथून सुई वर काढून दोरा लोंबत ठेवायचा. मग पुढचा रंग. मोजणी कमी होते, कारण पुढचं घर दोऱ्याने आधीच धरून ठेवलेलं असतं. ही पद्धत सगळ्यांना मानवत नाही. मला तरी नाही. माझा अर्ध्या तासात जटांचा गुंता झाला.

[दृश्य : शेजारची मुलगी, मान खाली. काकूंचं बोट नमुन्यावर.]

शेजारची बारावीतली मुलगी दुपारी येते. तिला डाव्या बाजूची कमान दिली होती. तीन ओळी भरून झाल्या आणि कमान खांबावर बसेना.

"अगं, इथे एक घर सरकलंय बघ."

"काकू, एकच तर आहे. कुणाला कळणार?"

"तुला कळलं ना? उसव."

पुढून बारीक कात्रीने टाके कापायचे, मागून सुईने एकेक तुकडा ओढून काढायचा. उसवलेला दोरा परत वापरायचा नाही, तो पिंजलेला असतो. तंगूसाच्या रेषा असल्यामुळे चूक त्या एका चौकोनातच अडकली होती, पुढे गेली नाही.

[निवेदन नाही. मुलगी उसवते आहे.]

रात्री काकू गडद रंग हातात घेत नाहीत. ट्यूबच्या उजेडात काळा आणि गडद निळा एकच दिसतात. घड्याळाचे काटे, कमानींच्या कडा, या बारीक रेघा उलट्या टाक्याने, एकाच पदराने, सगळ्या फुल्या संपल्यानंतर.

धुतानाचं चित्रण आमच्याकडे नाही. थंड पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं. इस्त्री जाड टॉवेलावर, कापड पालथं ठेवून. वर दाखवलेल्या तोरणाच्या मोराभोवती गुलाबी डाग दिसला असेल. लाल दोऱ्याचा रंग लग्नाच्या आदल्या दिवशी सुटला. तरी ते रुखवतात मांडलं.

एका दुकानाने या व्हीटीचे 4,000 रुपये देऊ केले होते, म्हणजे तासाला 11 रुपयेसुद्धा नाहीत. काकूंनी नाही म्हटलं.

[दृश्य : संपूर्ण चित्र. अजून न धुतलेलं. काकू पहिल्या तंगूसाचं टोक चिमटीत धरतात.]

आता या 50 रेषा काढायच्या. एका टोकाला धरून, घाई न करता. उभ्या 29 सळसळत निघतात. आडव्या वीसही.

[दृश्य : एकविसावी. अर्धी बाहेर येऊन अडकते.]

घुमटापाशी अडकली. मागून कुठल्या तरी टाक्याने तिला वेढा घातलाय. काकू चष्मा पुसतात, कापड उलटं करतात, मुलीला खिडकीतून बाजूला व्हायला सांगतात.

[निवेदन नाही.]