मोरवेलीची कोप

अध्यक्षमहाराज, आणि या गारठ्यात कानटोप्या घालून आलेले तुम्ही सगळे. सत्काराची शाल मी अजून काढली नाही. मान म्हणून नव्हे, थंडी वाजायलीय म्हणून. पत्रिकेवर विषय छापलाय, 'कोवळ्या वेलींची हिवाळ्यातली निगा'. 40 मिनिटं दिली होती, त्यातली 15 हारतुऱ्यांत गेली. माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण हार माझ्याच गळ्यात पडले, तेव्हा बोलता येत नाही.

थंडी म्हटलं की पेपरात परभणीचा पारा. आमच्या लातूरच्या थंडीला कुणी विचारत नाही. पण वेलीला पेपर वाचता येत नाही. तिला कळतं ते एवढंच, की पहाटे 9 अंश आणि दुपारी 30. विलायतेतल्या कितीतरी जाती उणे 20 अंशांतही तगतात, कारण तिकडं एकदा झोपलं की झोपलं. आपल्याकडं रोज दुपारी उठवतात आणि रोज रात्री गारठवतात. रोपवाले क्लेमॅटिस म्हणून मोठ्या जांभळ्या फुलांची वेल विकतात ना, ती आपल्या मोरवेलीची परदेशी मावसबहीण. मोरवेल आपल्या सह्याद्रीतली. काही जण रानजाईही म्हणतात. पांढरी नाजूक फुलं, आणि बीला पिसासारखी शेपटी. हिला द्राक्षासारखे ताणे नसतात, पानाचा देठच काडीला विळखा घालतो.

तर महाबळेश्वरहून रुमालाच्या गाठीत मी हिचं बी आणलं. रुजायला महिने लागले. पहिल्याच हिवाळ्यात पानं काळी पडली. मी विज्ञान शिकवणारी बाई, 31 वर्षं मुलांना मुळांचं काम शिकवलं, आणि केलं काय? पानं सुकली म्हणून रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी. मग पाण्यानं काही होईना म्हणून युरिया. (हसता काय, तुमच्याही घरी हेच चालतं.) संक्रांतीच्या आदल्या दिवशी अंगण आवरताना वेल उपटली. वाळलेली सुतळी दिसत होती हो! कोपऱ्यात टाकून दिली.

आमच्या आत्याबाई ओसरीवर तीळ निवडत होत्या. त्यांनी ती उचलली, बुडाशी नखानं साल खरवडली आणि माझ्यापुढं धरली. आत हिरवीगार. "मेलेलं मानूस बी नाडी बघून नेतेत, तू नख बी लावून बघितलं नाहीस?" पुढं पाहिलं तर मुळांची टोकं तपकिरी, दाबली की पाणी सुटायचं. वेल थंडीनं गेली नव्हती, माझ्या तांब्यानं गेली होती. आपली काळी माती पाणी धरून बसते. वरून गारठा, खाली चिखल, आणि झोपलेली मुळं ते पाणी पिणार कधी?

उरलेल्या बीतून पुन्हा रोप केलं. त्यानंतरची येळवस आली, म्हणजे वेळअमावास्या, शेतात पूजा आणि जेवण करायचा आमच्याकडचा सण. दुष्काळाचं वर्ष, कडब्याची पेंढी सोन्याच्या भावाची. तरी शेतात कोप, म्हणजे कडब्याची खोप, झालीच, तिच्यात दगडांचे पांडव मांडले, आंबिल-भज्जी झाली, 'ओलगे ओलगे'चा गजर झाला. परत येताना आत्याबाईंनी कोपीचा थोडा कडबा गाडीत टाकला. मला वाटलं, शेजारच्या गाईला. तर अंगणात वेलीभोवती चार तुराट्या रोवल्या आणि तशीच कोप बांधली, हातभर उंचीची, तोंड उगवतीला. म्हणाल्या, "पांडवांना थंडी वाजती, हिला नाही का?" त्यांना उष्णतेचं विकिरण माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण सुचलं नव्हतं. निरभ्र रात्री जमिनीची ऊब सरळ आभाळात जाते. मधे कडबा आला की ती अडते. ढगाळ रात्री थंडी कमी का, तर ढग म्हणजे देवाची कोप. त्याच उन्हाळ्यात, 2016 ला, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. भाज्या धुतलेल्या पाण्यावर ती वेल जगली. आजही आहे. तांब्या मात्र आता मी...

ही चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं'. बरं, आता पत्रिकेतला विषय.

लावताना बूड तीन-चार बोटं मातीखाली जाऊ द्या, वरचा भाग गेला तरी मातीतल्या पेरातून फुटवा येतो. काळ्या मातीत वाळू आणि शेणखत मिसळा, पाणी तुंबायला नको. मातीवर सोयाबीनचं भुसकट किंवा पाचट दोन बोटं पसरा, पण खोडाला चिकटवू नका, वीतभर मोकळं ठेवा, नाहीतर तिथं सडतं. भेगा पडल्या असतील तर आधी बुजवा, त्यातून गार हवा थेट मुळाला लागते. पाणी सकाळी दहाच्या सुमाराला, तेही बोट घालून बघा, दोन पेरं कोरडं लागलं तरच. शेतकरी थंडीच्या रात्री पिकाला पाणी देतात, ओली जमीन ऊब धरते हे खरं, (लाइट बी रात्रीच येती, हेही खरं), पण कुंडीला ते लागू नाही, कुंडी चहूबाजूंनी गारठते. कुंडी घराच्या दक्षिण अंगाच्या भिंतीला बाहेरून, उन्हात लावा. पोतं रात्री घाला, सकाळी काढा. प्लॅस्टिक पानांना टेकू देऊ नका. युरिया बंद. कात्री बंद, शिवरात्रीपर्यंत. छाटायच्या आधी नख.

आणखी एक, हिचा रस कातडीला लागला तर आग होते, फोडही येतात, लेकरांना...

अध्यक्ष उठले. बिया आणल्यात, दारापाशी पुड्या ठेवल्यात. घरटी एकच घ्या, मागच्या वर्षी एका काकांनी अकरा नेल्या होत्या.